ऐकलं, ठीक

ही गोष्ट खरी आहे. पटली तर घ्या, नाही पटली तर सोडून द्या. मी फ्रिज दुरुस्त करणारा माणूस. तारेत करंट नसेल तर बल्ब लागत नाही, एवढंच माझं ज्ञान आणि त्यावरच माझं पोट. उगाच भुताखेतांच्या गप्पा मारत बसायला मला वेळ नाही.

पण हे माझ्या सख्ख्या मोठ्या बहिणीच्या बाबतीत घडलंय. आणि ताई खोटं बोलत नाही. लहानपणी तिच्या खरेपणापायी मी किती मार खाल्लाय, ते मलाच माहीत.

आणखी एक. असल्या गोष्टी म्हटलं की तुम्हाला अमावस्या लागते, रात्रीचे बारा लागतात. इथे तसलं काही नाही. मंगळवार होता. भर दुपार. बाहेर डोळे दिपतील असं ऊन.

ताई तिच्या ऑफिसातल्या गादीच्या खोलीत बसली होती. एकटी.

घड्याळात सव्वा वाजला होता...

आधी त्या खोलीचं सांगतो, म्हणजे पुढचं नीट कळेल.

ताईची कंपनी लहान. अकरा माणसं. ती एक डबा बनवतात. झोपेत ज्यांचा श्वास अडकतो अशा आजारी माणसांसाठी. गादीखाली एक पट्टी घालायची, पट्टीची वायर डब्यात. माणूस श्वास घेतोय तोवर डबा गप्प. पंधरा सेकंद श्वास आला नाही की लाल दिवा लागतो आणि डबा असा बोंबलतो की शेजारच्या घरातलं माणूस उठून बसेल. झोपलेलाही दचकून जागा होतो आणि श्वास घेतो. साधा डबा आहे, पण जीव वाचवतो.

तो बोंबलतो एका चिपच्या जोरावर. नखाएवढी चिप. अ‍ॅम्प्लिफायर म्हणतात तिला, बारीक आवाज मोठा करायचा एवढंच तिचं काम. तिने कधी झोपायचं, कधी उठायचं, कधी ओरडायचं, हे तिला सांगणारा जो प्रोग्राम असतो त्याला म्हणतात ड्रायव्हर. ताई पहिल्यांदा म्हणाली की मी ड्रायव्हर तपासतेय, तेव्हा मी विचारलं होतं, लायसन्स बघतेस की काय. तिने माझ्याकडे असं बघितलं की पुन्हा मी तिच्या कामाची चेष्टा केली नाही.

हा ड्रायव्हर लिहिला होता मास्तरांनी.

मास्तर साठीचे. पूर्वी कुठेतरी शिकवायचे, म्हणून मास्तर. त्यांचं नाकाचं हाड वाकडं होतं, त्यामुळे श्वास घेताना बारीक शिट्टी वाजायची. दिवसभर. ऑफिसला तिची इतकी सवय झाली होती की मास्तर रजेवर असले की लोकांचं कामात लक्ष लागायचं नाही.

आणि त्यांची एक खोड होती. दुसऱ्याचा कोड वाचताना चूक दिसली की मास्तर श्वास रोखून धरायचे.

शिट्टी बंद.

शिट्टी बंद झाली की आजूबाजूच्या पोरांचे हात कीबोर्डवरच थांबायचे. आता कोणाची पाळी? मग मास्तर जीभ टाळ्याला लावून एकदा 'च्च' करायचे आणि शिट्टी पुन्हा सुरू. चूक नेमकी सापडलेली असायची. दहा वर्षांत एकदाही शिट्टी उगाच थांबली नाही.

त्यांच्याकडे कामाची पद्धत अशी, की एकाने लिहायचं आणि दुसऱ्याने तपासून खाली आपलं नाव घालायचं. नाव घातलं की जबाबदारी तुमची. पण मास्तरांचा वर आणखी एक नियम होता. नाव घालण्याआधी डबा घेऊन गादीच्या खोलीत जायचं. भिंतींना, छताला, दारालाही आतून फोम लावलेली ती खोली. बाहेरचा आवाज आत नाही, आतला बाहेर नाही, फोनला रेंजसुद्धा नाही. तिथे डबा चालू करायचा आणि हाताची घडी घालून अर्धा तास नुसतं बसायचं. काही करायचं नाही. मग डबा वाजवायचा. वाजला तर नाव घालायचं.

पोरं या अर्ध्या तासाला मास्तरांची वामकुक्षी म्हणायची. मास्तर रागवायचे नाहीत. ताईला एकदा म्हणाले होते, "डोळ्यांनी अर्धंच दिसतं, पोरी. कानांनी बघ, मग नाव घाल."

जुनी चिप बाजारात मिळेना झाली, म्हणून नवी आली. मास्तरांनी तिचा ड्रायव्हर लिहिला. तपासायला दिला ताईला.

त्याच दिवशी बारा वाजता आमच्या बाबांना दवाखान्यातून घरी सोडणार होते.

बाबांची मोठी शस्त्रक्रिया झाली होती. नंतर झोपेत श्वास अडकायला लागला. डॉक्टर म्हणाले, घरी न्या, पण लक्ष ठेवा. मी परगावी. सगळं ताईच्या गळ्यात. साडेअकरापर्यंत तिने कोड वाचून काढला. एकही चूक दिसली नाही. पटापट तीनदा डबा वाजवून बघितला, तिन्ही वेळा वाजला. अर्धा तास बसायला वेळ कुठे होता?

तिने खाली आपलं नाव घातलं. आणि नियमाप्रमाणे शेरा लिहिला. 'ऐकलं, ठीक.'

मग ती दवाखान्यात पळाली. जाताना नव्या चिपचा पहिल्या लॉटमधला एक डबा पिशवीत घालून घेऊन गेली. बाबांसाठी.

दुसरा डबा मास्तर घेऊन गेले. स्वतःसाठी. वाकड्या नाकामुळे त्यांचाही श्वास झोपेत अडकायचा.

पाच आठवड्यांनी मास्तर गेले.

रविवारी दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. काकू, म्हणजे त्यांची बायको, शेजारच्याच खोलीत मशीनवर शिवत बसल्या होत्या. मधलं दार सताड उघडं. चार वाजता हाक मारायला गेल्या, तर डब्याचा लाल दिवा लागलेला. आणि डबा गप्प.

डब्यात सगळी नोंद राहते. नोंदीत होतं, तीन वाजून बावीस मिनिटांनी अलार्म वाजला. अडतीस मिनिटं वाजत होता.

काकू शपथेवर सांगत होत्या की मी जागी होते, काही वाजलं नाही. पण यंत्र खोटं बोलत नाही असं लोकांचं म्हणणं. डोळा लागला असेल, मशीनचा आवाज असेल, वय झालं की ऐकू कमी येतं. दीर बोलला, जाऊबाई बोलली. पोटच्या मुलीने तोंडाने काही म्हटलं नाही, पण आईशी नजर मिळवेना.

शेवटी काकूच म्हणायला लागल्या, लागला असेल माझा डोळा...

ऑफिसने तो डबा परत आणून तपासला. चालू केला, लागोपाठ दहा वेळा वाजवला. दहाही वेळा खणखणीत वाजला. साहेब, म्हणजे कंपनीचे मालक, म्हणाले, डब्यात दोष नाही. फाइल बंद.

ताईने मला हे फोनवर सांगितलं, तेव्हा तिच्या आवाजात सुटकेचा निःश्वास होता. आपलं नाव त्या ड्रायव्हरखाली आहे, हे तिला त्या पाच-सहा दिवसांत क्षणभर विसरता आलं नव्हतं. डबा निर्दोष निघाला आणि तिला बरं वाटलं. नंतर त्या बरं वाटण्याची तिला इतकी लाज वाटली की बस्स.

आता त्या मंगळवारचं ऐका.

चारशे डब्यांची ऑर्डर होती. पाच वाजता ट्रक येणार होता. ऑर्डर देणाऱ्याची अट होती की ड्रायव्हर दुसऱ्यांदा तपासल्याची नोंद हवी. साहेब ताईला म्हणाले, तुम्हीच नजर टाका परत, तुमचंच नाव आहे. बाहेर पॅकिंगचा धुमाकूळ चालू होता, म्हणून ती लॅपटॉप घेऊन गादीच्या खोलीत गेली.

सोबत न्यायला डबा एकच मोकळा होता.

मास्तरांचा.

तिने तो टेबलावर ठेवला. पट्टी जोडून टेबलावरच पसरली. पट्टीवर कोणी झोपलेलं नाही, नुसतंच टेबल. अशा वेळी डबा वाट बघत राहतो. पहिला श्वास आला की मगच पुढे मोजायला लागतो. स्क्रीनच्या कोपऱ्यात चिपची हालहवाल दिसत होती. दहा मिनिटं काम नसलं की ड्रायव्हर चिपला झोपवतो. तशी ती झोपली.

ताई वाचत होती.

त्या खोलीत इतकी शांतता असते की आपल्याच कानात रक्त वाहिल्याचं ऐकू येतं. नवीन माणूस पाच मिनिटांत बाहेर पळतो. ताईला सवय होती.

एक पस्तीसला तिला वाटलं, लॅपटॉपचा पंखा लागला...

तिने लॅपटॉपवर हात ठेवला. गार होता. पंखा बंद.

तिने श्वास रोखून ऐकलं.

आवाज डब्यातून येत होता.

आत... बाहेर... आत... बाहेर...

कोणीतरी श्वास घेत होतं.

तिने स्क्रीन बघितली. चिप झोपलेली. आवाज बंद. स्पीकरकडे वीज शून्य. ताई माझ्यासारखी येडीगबाळी नाही, दोन डिग्र्या आहेत तिच्याकडे. तिने स्क्रू काढले, डबा उघडला आणि स्पीकरची वायर उपटून बाजूला ठेवली. दोन्ही टोकं तिच्या डोळ्यांसमोर लोंबत होती.

आत... बाहेर...

आवाज तसाच.

आणि प्रत्येक श्वासाच्या शेवटी... बारीकशी शिट्टी.

उठावं, दार उघडावं, बाहेर माणसांत जाऊन उभं राहावं असं ताईला वाटलं. पण ती उठली नाही. आणि खरं सांगायचं तर, ती म्हणाली, भीतीपेक्षा मला रडू आलं. कारण ती शिट्टी दहा वर्षं तिच्या पाठीमागच्या टेबलावर वाजत होती.

"मास्तर," ती म्हणाली.

नुसता श्वास.

मग तिने काय करावं? तिने वायर पुन्हा होती तशी जोडली आणि वाचायला लागली. मी तिला विचारलं, अगं, तू वाचत बसलीस? ती म्हणाली, दुसरं काय करायचं असतं मास्तर मागे बसलेले असताना?

एकेक ओळ. बोट बटणावर. ओळ पुढे सरकत होती आणि मागे शिट्टी चालू होती. पहिलं पान झालं. दुसरं झालं. चिपला झोपवायचा भाग झाला. उठवायचा भाग आला.

आणि शिट्टी थांबली...

ताईचं बोट थांबलं.

तिने दोन ओळी मागे घेतल्या. श्वास सुरू झाला.

पुढे गेली. थांबला.

पुन्हा मागे. सुरू.

पुन्हा पुढे... आणि तिसऱ्यांदा तो थांबला, तशी ती त्याच ओळीवर राहिली. मागे गेलीच नाही. श्वासही परत आला नाही.

ओळ साधी होती. अलार्मच्या वेळी ड्रायव्हर चिपला म्हणतो, ऊठ. क्षणभर थांबतो. मग म्हणतो, आवाज सोड. ती दुसरी ओळ. तिने सात-आठ आठवड्यांपूर्वी वाचलेली, बरोबर वाटलेली. आताही बरोबर वाटत होती.

"काय चुकलंय, मास्तर?" ती रडकुंडीला आली होती. "मला दिसत नाहीये."

पाच सेकंद. दहा.

ती मोजत होती. सवयच असते त्यांना.

पंधरा...

डब्याचा लाल दिवा लागला.

टेबलावर पसरलेल्या रिकाम्या पट्टीने डब्याला सांगितलं होतं की श्वास थांबला. स्क्रीनवर अक्षरं उमटली, अलार्म वाजत आहे. वेळ, एक बावन्न.

आणि खोलीत काडीचाही आवाज नव्हता.

स्पीकरची वायर जोडलेली. डबा चालू. दिवा लाल. नोंद होतेय, वाजत आहे, वाजत आहे. आणि डबा मुका.

तेव्हा तिला दिसलं.

थोडा वेळ डुलकी घेतलेली चिप चटकन उठते. बराच वेळ गाढ झोपलेली चिप तेवढ्यात उठत नाही. ती डोळे चोळत असतानाच ड्रायव्हर म्हणतो, आवाज सोड. चिप म्हणते, नाही, अजून नाही. आणि ते 'नाही' ऐकायला तिथे कोणीच थांबलेलं नसतं. ड्रायव्हर उत्तर न बघताच पुढे जातो आणि डब्याला सांगतो, काम झालं. डबा नोंद करतो. पुन्हा सांगत नाही, कारण त्याच्या मते तो वाजतोच आहे.

लागोपाठ दहा वेळा वाजवाल तर दहा वेळा वाजेल. अर्धा तास गप्प बसून मग वाजवाल, तरच कळेल.

मास्तरांकडून चूक झाली होती. माणूसच होते. म्हणून तर दुसऱ्याचं नाव लागतं.

म्हणजे काकू जाग्या होत्या.

आणि लगेच ताईने घड्याळ बघितलं. बाबांना सांभाळणाऱ्या मावशी एक वाजता घरी जातात. बाबा दीडला झोपतात. चारपर्यंत घरात कोणी नसतं. कोणी नसतं म्हणून तर तो डबा ठेवला होता.

मास्तरांसारखाच. त्याच लॉटमधला. तिच्या नावाचा.

ती धावत बाहेर आली. फोनला रेंज आली तशी तिने बाबांना लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. शेजारच्यांना लावला, ते बाहेरगावी. मावशींना लावला, त्यांचा बंद. मला लावला. तीनदा.

मी एका हॉटेलच्या फ्रिजखाली आडवा पडलो होतो. फोन सायलेंटवर. ते तीन मिस कॉल मी अजून पुसलेले नाहीत.

साहेब मागून हाका मारत होते, ट्रकचं काय, सही कुठे आहे. ताईने फक्त एवढंच सांगितलं की एकही डबा बाहेर जाता कामा नये. आणि ती उन्हात पळत सुटली. रिक्षा मिळाली. सिग्नल लागला. पुढे रस्ता खोदलेला. ती खाली उतरून पळाली. देवाला काय काय बोलली ते मला सांगितलं नाही, पण एवढं म्हणाली की मी सारखी एकच गोष्ट मागत होते. तो अर्धा तास परत दे. फक्त तो अर्धा तास. मी बसते, हाताची घडी घालून बसते, बाबांना तासभर उशिरा नेते, काही होत नाही त्याने. फक्त तो परत दे.

लिफ्ट वर कुठेतरी अडकलेली. चार मजले चढली. किल्ली तिसऱ्या खेपेला कुलपात गेली.

दार उघडलं.

घरात आवाज नाही...

आतल्या खोलीत लाल दिवा दिसत होता.

डबा मुका.

"बाबा," ती ओरडली की पुटपुटली, तिलाच आठवत नाही.

बाबा पलंगाच्या कडेला बसले होते. पाय खाली सोडलेले, बनियन घामाने चिंब, दोन्ही हातांनी गादी धरलेली. तोंडाने श्वास घेत होते. पण घेत होते.

ताई त्यांच्या पायाशी बसली आणि त्यांच्या गुडघ्यांत डोकं घालून हमसून हमसून रडली. बाबांना काही कळेना. ते म्हणाले, फोन वाजत होता, पण पायांत उठायचं बळच नव्हतं. मग जरा वेळाने त्यांनीच विचारलं.

"बाळ, इथे कोण झोपलं होतं गं?"

"कोण झोपणार, बाबा? कोणी नाही."

"नाही कसं. घोरत होतं कोणीतरी शेजारी. नाकात शिट्टी वाजल्यासारखं. मला वाटलं तूच कोणाला ठेवून गेलीस सोबतीला. त्या आवाजावरच झोप लागली बघ. आणि एकदम थांबलं ते. इतकं एकदम थांबलं, की मला जाग आली. उठलो तर छातीवर दगड."

बाबा मास्तरांना कधीच भेटले नव्हते. शिट्टीचं त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. मी नंतर दहा वेळा विचारून खात्री केली.

ताईने डब्याची नोंद काढली.

एक वाजून बावन्न मिनिटांनी श्वास थांबला. अलार्म वाजला, असं लिहिलं होतं. एक त्रेपन्नला श्वास परत आला. दिवा बटण दाबेपर्यंत जात नाही, म्हणून तो लागलेलाच होता.

एक बावन्न. दोन्ही डब्यांत तेच.

ट्रक रिकामा परत गेला. साहेबांनी आरडाओरडा केला, मग ताईने त्यांना गादीच्या खोलीत अर्धा तास बसवलं आणि डबा वाजवायला सांगितला. साहेब बाहेर आले तेव्हा त्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं होतं. लोकांच्या घरी गेलेले सगळे डबे दोन दिवसांत परत मागवले. दुरुस्ती चार ओळींची निघाली. चार ओळी. साहेबांचं म्हणणं होतं की कागदावर 'सुधारणा' असं लिहू, मागचं उकरून काढायला नको.

ताईने कागदावर 'चूक' असं लिहिलं, खाली आपलं नाव घातलं, आणि मास्तरांच्या घरी गेली.

काकूंनी दार उघडलं. तीन आठवड्यांत निम्म्या झाल्या होत्या. ताई बसलीसुद्धा नाही. उभ्याउभ्याच म्हणाली, "काकू, डबा वाजलाच नव्हता. तुमचा डोळा लागला नव्हता. तपासायचं काम माझं होतं, आणि मी ऐकल्याशिवाय 'ऐकलं' असं लिहिलं."

"वाजलाच नाही?" काकूंनी विचारलं.

"नाही."

काकू खुर्चीत बसल्या. पदर तोंडाला लावला. आवाज न करता रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी एकच विचारलं, "तो अर्धा तास बसायचं असतं ना? हे सांगायचे मला. तेव्हा तू काय केलंस?"

"बाबांना दवाखान्यातून घरी आणलं."

काकूंनी मान हलवली. रागवल्या नाहीत. ताई म्हणते, रागवल्या असत्या तर मी घरी जाऊन झोपले असते. त्या फक्त म्हणाल्या, "बरे आहेत ना ते?"

ताईला हो म्हणता येईना.

इथे गोष्ट संपली असती तर मी ती तुम्हाला सांगितली नसती. चूक सापडली, बाबा वाचले, मास्तर आपलं काम करून गेले. छान. नारळ फोडा आणि घरी जा.

पण दुरुस्त केलेला ड्रायव्हर तपासायला ताई पुन्हा गादीच्या खोलीत गेली. या वेळी अर्धा तास. हाताची घडी. मास्तरांचाच डबा. डबा खणखणीत वाजला. पण ती घाई करायला तयार नव्हती, म्हणून तिने कोड पहिल्या ओळीपासून वाचायला घेतला.

शिट्टी आली. ती म्हणते, मला बरंच वाटलं.

उठवायचा भाग आला. नव्या चार ओळी आल्या. शिट्टी चालूच. ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. झालं एकदाचं.

शेवटचं पान. शेवटून सहावी ओळ.

शिट्टी थांबली...

मागे घेतली, सुरू. पुढे गेली, थांबली.

त्या ओळीत काही नाही. ताईने ती चाळीस वेळा वाचली. ऑफिसातल्या बाकीच्यांनी वाचली. बाहेरचा एक जाणकार बोलावला, त्याने वाचली. डबा अर्धा तास ठेवून वाजवला, दिवसभर ठेवून वाजवला, तीन दिवस ठेवून वाजवला. प्रत्येक वेळी वाजला. साहेब तरी किती दिवस थांबणार? त्यांनी दुसऱ्याचं नाव घातलं आणि डबे पाठवले.

ताईने अजून नाव घातलेलं नाही. रोज जेवणाच्या सुट्टीत ती त्या खोलीत जाऊन बसते. ती ओळ काढते आणि वाट बघते, निदान एकदा 'च्च' ऐकू येईल म्हणून. येत नाही. नुसता श्वास थांबलेला असतो.

दहा वर्षांत शिट्टी एकदाही उगाच थांबली नव्हती, हे मी तुम्हाला मघाशी सांगितलं.

बाबांच्या उशाशी डबा आहे. त्यात तीच ओळ आहे. दुसरा डबा बाजारात नाही आणि डब्याशिवाय त्यांना झोपवायची आमची हिंमत नाही.

मी परगावचं दुकान बंद करून घरी आलोय. बाबांच्या शेजारच्या खोलीत झोपतो, मधलं दार सताड उघडं टाकून.

झोपतो कसला. ऐकत पडतो.